जाड कापडाचा फुगा

आकाशात उडवायच्या फुग्यासाठी मी माझ्या दुकानातलं सगळ्यांत जाड कापड निवडलं.

हे वाक्य मुद्दाम एकटं ठेवलंय. आजूबाजूला कितीही कारणं रचली तरी ते तसंच्या तसं उभं राहतं, हे मला गेल्या हिवाळ्यापासून कळलेलं आहे. पण कारणं माझ्याकडे आहेत, आणि ती सांगितल्याशिवाय मी काही गप्प बसणार नाही.

बुऱ्हाणपुरात माझं कापडाचं दुकान आहे. चादरी, टॉवेल, कोऱ्या कापडाची थानं. माझी बायको शाळेत मराठी शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिनं इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमागच्या खोलीत मुलांचं वाचनालय सुरू केलं. दर रविवारी सकाळी ती चित्रांची पुस्तकं काढून बसते आणि मुलांना मोठ्यानं वाचून दाखवते. आमच्याकडची मुलं घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी बोलतात आणि आपल्याला उत्तर देताना तिन्हींची भेळ करून देतात. सुट्टीच्या सकाळी मोबाइल सोडून मराठी गोष्ट ऐकायला येणारी मुलं हळूहळू कमी होत गेली. शेवटी शेवटी तर खुर्च्याच जास्त झाल्या.

मग एक दिवस मंडळाचे सचिव घरी आले. पांढराशुभ्र शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि बोलण्याआधी घसा साफ करायची सवय.

"वहिनी, राग मानू नका," ते म्हणाले. "कोचिंगवाले ती खोली मागतायत. मुलं येत नसतील तर खोली अडवून काय करायचं?"

बायकोनं चहाचा कप त्यांच्यापुढे जरा जोरातच ठेवला. "भाऊ, मला एक रविवार द्या. खोली भरवून दाखवते. नाही भरली तर किल्ली तुमच्या हातात."

सचिव गेले. ती कपाटातलं एकेक पुस्तक काढून पुसून परत ठेवत बसली. त्या खोलीवर तिचा किती जीव आहे ते मला तेव्हा दिसलं. मी काहीतरी धीर द्यायला हवा होता. मी म्हणालो, "सचिवांचा शर्ट पॉलिस्टर आहे, बघितलंस?"

त्याच आठवड्यात लेकीनं पुण्याहून खोका पाठवला. आत चित्रांची पुस्तकं होती, आणि सगळी एकाच विषयावरची: माणूस पहिल्यांदा फुग्यातून उडाला, त्याची. बायकोनं खोका उघडला आणि मी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. मग जे झालं ते माझ्या वयाला शोभणारं नव्हतं. मी पुस्तक तिच्या हातातून हिसकावून घेतलं.

काय ती चित्रं! निळ्याशार फुग्यावर सोनेरी सूर्य काढलेले, झालरी लावलेल्या, वर तुरे, जणू एखादी हवेली दावं तोडून निघाली आहे. एका पुस्तकात पान वरच्या बाजूला उलगडायचं. उलगडलं की आणखी उलगडायचं, आणि फुगा वर, वर, ढगांच्या वर! खाली राजा, राणी, मुंगीएवढे लोक. आणि टोपलीत कोण? एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा. माणसाला वर काही होईल म्हणून आधी त्यांना पाठवलेलं. मेंढीच्या चेहऱ्यावर असा भाव होता की हिला न विचारता बसवलंय. मी ते पान दुकानात नेऊन शेजारच्या भांडीवाल्याला दाखवलं, समोरच्या मावा जिलेबीवाल्याला दाखवलं. जिलेबीवाला म्हणाला, "सेठ, बदक तर असंही उडतं. त्याला कशाला बसवलं?" त्या प्रश्नानं माझा उत्साह आणखीनच वाढला. अडीचशे वर्षांपूर्वीच्या लोकांनीसुद्धा माझ्यासारखंच काम केलं होतं! डोकं कमी, हौस फार!

संध्याकाळी घरी येऊन मी जाहीर केलं, "रविवारी नुसतं वाचायचं नाही. मुलांसमोर खराखुरा फुगा उडवायचा. मी करतो."

बायकोचे डोळे चमकले. हे मी पुन्हा सांगतो, चमकले. सुरुवातीला ती माझ्या बाजूनं होती.

"करा," ती म्हणाली. "पण कागदाचा. पतंगाचा कागद आणा."

आणि इथे सगळं बिनसलं.

तिचं माहेर म्हणजे आमच्याच रेल्वेलाइनीवरची कागद गिरणीची वसाहत. तिचे वडील महाराष्ट्रातून तिथे नोकरीला आले आणि तिथलेच झाले. त्या घरात कुठलाही कागद हातात आला की आधी उजेडासमोर धरून बघायचे, मग वाचायचे. आमच्या घरात कुठलंही कापड आलं की आधी चिमटीत धरून चोळायचं, मग बोलायचं. आमच्या लग्नात माझ्या वडिलांनी तिच्या माहेरून आलेला शेला चिमटीत धरला, आणि तिच्या वडिलांनी आमची पत्रिका खिडकीच्या उजेडासमोर धरली. दोघांनीही तोंडं वाकडी केली. हा सामना तेव्हापासून चालू आहे.

"पुस्तकात काय लिहिलंय?" ती म्हणाली. "ज्या दोघा भावांनी पहिला फुगा केला, ते कागद कारखानदाराचे मुलगे होते. म्हणजे माझ्या माहेरचे."

"फ्रान्स तुझं माहेर कधीपासून झालं?"

"कागदवाले सगळे माहेरचेच."

मी पुस्तक ओढून घेतलं. "हे बघ, इथे स्पष्ट आहे. बाहेरून कापड! आतून नुसतं अस्तर कागदाचं. अस्तर म्हणजे काय, कोणीही लावतं. फुगा कापडाचा होता!"

"अहो, पण ते कापड—"

"कापडाचं मला शिकवू नकोस."

माणूस बुडायच्या आधी नेहमी हेच वाक्य बोलतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी कापड निवडायला बसलो. आमच्या धंद्यात चांगल्या मालाची एकच खूण: चिमटीत भरलं पाहिजे. गिऱ्हाईक थान उलगडतं, दोन बोटांत कापड धरतं, आणि ते पातळ लागलं की काही न बोलता पायऱ्या उतरतं. लहानपणापासून बोटांना हेच शिकवलेलं. बायकोच्या खोलीचा प्रश्न होता. मी काय हलका माल वापरणार होतो? मलमल होती, ती मी बाजूला सारली. ही लोकांना दाखवायची म्हणजे लाज. शेवटी जाड चादरीचं थान काढलं, भरपूर खळ दिलेलं, कडक. टिचकी मारली तर वाजेल असं.

शिंपी मास्तर आले. त्यांनी चिमटीत धरलं, चोळलं, आणि मान डोलावली. "सेठ, ये दस साल चलेगा."

फुग्याला दहा वर्षं चालायचं नव्हतं. त्याला फक्त मिनिटभर वर जायचं होतं. पण हे त्या दुकानात कोणाच्याही मनात आलं नाही. भांडीवाल्यानं चिमटीत धरलं, "मजबूत." जिलेबीवाल्यानं पाकाचा हात धोतराला पुसून चिमटीत धरलं, "वाहवा." कापडाच्या गल्लीत त्या दिवशी मी जगातल्या पहिल्या उड्डाणवीरांहून मोठा होतो. मास्तरांनी दुहेरी शिलाई मारली, खाली नेफा केला, वर सोनेरी कापडाचे सूर्य जोडले. सूर्यांना आतून कॉलरीत घालतात ते कडक बक्रमही लावलं, नाहीतर ते सुरकुततात म्हणे. रिक्षात घालताना तो फुगा दोघांनी उचलला.

बायकोनं एकदा बोट लावलं आणि म्हणाली, "अहो, ही गादी आहे."

"उडताना बघ," मी म्हणालो.

रविवार उजाडला. थंडी छान पडलेली, आभाळ स्वच्छ. आणि काय गर्दी! बायकोनं 'फुगा उडणार' असा फलक मंडळाच्या दारात लावला होता. मुलं, मुलांचे भाऊ, भावांचे मित्र, खोलीत मावेनात म्हणून सगळी मागच्या अंगणात बसली. दोन वेण्या घातलेली, पुढचा दात पडलेली एक मुलगी अगदी पुढे बसली होती आणि तिला प्रश्न आवरत नव्हते.

"आजी, आजोबा वर जाणार का?"

"नाही गं. फुगा जाणार."

"तो मग आजोबा काय करतील?"

"तेच बघायचंय," बायको म्हणाली.

सचिव खुर्चीवर बसले होते. अंगणभर मुलं बघून त्यांचा घसा आपोआप साफ झाला. बायकोनं माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. जिंकलो होतो! त्या क्षणी मी फक्त घरी निघून गेलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती.

मी बांबू रोवून, आडवी दोरी बांधून फुगा चित्रातल्यासारखा टांगला होता. खाली घमेल्याएवढ्या लोखंडी तगारीत जाळ. चित्रात ते लोक ओलं गवत जाळताना दाखवले होते, खूप धूर यावा म्हणून. धुरानंच फुगा वर जातो अशी त्यांची समजूत. माझीही झाली. जवळच्या फोपनार गावातल्या एका दोस्ताकडून केळीच्या वाळक्या पानांचा भारा मागवला होता, त्यावर मी चांगलं पाणी शिंपडलं. मग काय विचारता! असा धूर निघाला की पलीकडच्या गल्लीतून कोणीतरी ओरडलं, "अरे, आग लागली का तिकडे?"

फुगा हलला नाही.

आणखी पानं टाकली. आणखी धूर. सचिव खोकायला लागले. फुग्याच्या पोटात धूर भरत होता, शिवणीतून बाहेर येत होता, आणि फुगा चादरी वाळत घातल्यासारखा गप्प लटकत होता. बक्रमचे सूर्य तेवढे ताठ होते. मुलं आता वैतागतील म्हणून बायकोनं प्रसंग सावरला. पुस्तक उघडलं आणि आवाज चढवून वाचायला घेतलं. कुठलं पान? एक फुगा उडत उडत लांबच्या खेड्यात उतरतो. तिथल्या लोकांनी असलं काही कधी पाहिलेलं नसतं. मोठं जनावर आकाशातून पडलंय, धापा टाकतंय, असं समजून सगळं गाव काठ्या, दाताळी घेऊन त्याच्यावर तुटून पडतं.

इकडे मला वाटलं, धूर नीट आत जात नसेल. तगारी बाजूला ओढली आणि खालून आत शिरून बघायला गेलो.

आडवी दोरी मीच बांधली होती. ती सुटली.

सगळा फुगा माझ्या अंगावर आला. आत अंधार, धूर, खळीचा वास. मी उठायचा प्रयत्न केला तर सगळं गादीवजा कापड माझ्याबरोबर उठलं आणि पुन्हा बसलं. ओरडलो, पण जाड कापडातून बाहेर काय ऐकू जाणार, नुसतं "हूं हूं." मग त्या दात पडलेल्या मुलीचा आवाज:

"अरे, हे तर श्वास घेतंय! मारो!"

आणि गाव तुटून पडलं. पट्ट्या, चपला, कोणाची तरी क्रिकेटची बॅट. पाठीवर धपाधप. मी रांगत डावीकडे गेलो तर जमाव डावीकडे, उजवीकडे गेलो तर उजवीकडे. लागलं काहीच नाही, हे कबूल करतो. कापड खरंच मजबूत होतं.

शेवटी बायकोनं नेफ्याची कड उचलली आणि मला बाहेर काढलं. तोंड काळं, केसांत केळीच्या पानांची राख. मुलं हसून हसून जमिनीवर लोळत होती. सचिव मात्र हसत नव्हते. त्यांचा पांढरा शर्ट आता पांढरा राहिला नव्हता.

"वहिनी," ते डोळे पुसत म्हणाले, "वाचनालय म्हणून खोली दिली होती. हे काय चाललंय? पुढच्या रविवारी किल्ली घ्यायला येतो." आणि खोकत खोकत निघून गेले.

बायको माझ्यावर ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. खाली बसली, मांडीवरचं पुस्तक पदरानं पुसलं आणि मुलांना म्हणाली, "शेवटचं पान राहिलंय. ऐकता का?"

सगळी जवळ सरकली. तिनं वाचलं: पुढे लोकांना कळलं, फुगा धुरानं वर जात नव्हता. तापलेली हवा हलकी असते, म्हणून तो वर जात होता. धुराचा काही उपयोग नव्हता. आणि फुगा जितका हलका, तितका बरा.

सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या.

"आजोबांनी पुस्तक पूरा नाही वाचला," कोणीतरी म्हणालं.

घरी येऊन मी अंगाला तेल चोळून घेत विचारलं, "पोरं मला मारत होती तेव्हा तू थांबवलं का नाहीस?"

तिनं जरा विचार केला. "खरं सांगू? मुलं पुस्तकात इतकी रमलेली मी आजवर बघितली नव्हती. मला ते मोडवेना."

मग मात्र तिचा आवाज बारीक झाला. "आता सात दिवस. मग कोचिंग."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली आणि पतंगाचे कागद घेऊन आली. एकेक कागद खिडकीशी उजेडासमोर धरला. मी तोंड उघडलं, तिनं माझ्याकडे बघितलं, मी तोंड मिटलं. मुलं शाळा सुटली की दप्तरासकट वाचनालयात यायला लागली. काही तर फुग्याला पुन्हा मारायला मिळेल म्हणून आली होती, हे त्यांनी लपवलं नाही. पण पुस्तकं मध्ये उघडी पडलेली असायची. चित्रातल्यासारखी फुग्याची पाकळी कशी कापायची, यावर भांडणं व्हायची, आणि भांडण मिटवायला पुस्तकात काय लिहिलंय ते वाचावं लागायचं. मराठी वाचायला नको म्हणणारी पोरं अडखळत, एकमेकांना ढकलत वाचत होती. "'झुळूक' म्हणजे काय रे?" "हवा, लहानवाली." बायको मैद्याची खळ शिजवत ऐकत होती, आणि मी दारात बसून बायको ऐकते आहे ते बघत होतो. मला कागदाला हात लावायला मनाई होती. खळ ढवळायलाही नाही. मी म्हणालो, खळ माझ्या धंद्यातली वस्तू आहे. मुलं म्हणाली, "आजोबा, तुम्ही बसा."

पुढचा रविवार. सकाळी सकाळी सचिव आले, नवा शर्ट घालून, लांबच उभे राहिले. अंगणात मधोमध निखाऱ्यांची सिगडी, त्यावर पत्र्याचं नळकांडं, धुराचा मागमूस नाही. मुलांनी लाल-पिवळ्या कागदाचा फुगा कडांना धरून वर पसरला. बायकोनं फुग्याचं तोंड नळकांड्यावर धरलं. कागद आधी नुसता खुळखुळला. मग एक सुरकुती उलगडली. मग दुसरी. फुगा हळूहळू गुबगुबीत झाला, उन्हात आतून पेटल्यासारखा झाला, आणि ओढ घ्यायला लागला! खरंच ओढ! मुलं कुजबुजायची पण थांबली. मी श्वास रोखून धरला होता, न जाणो माझ्या श्वासानं काही व्हायचं.

"सोडा," बायको म्हणाली.

आणि तो गेला! मंडळाच्या छपराच्या वर, कडुलिंबाच्या वर, मागे पतंगाचा बारीक मांजा सोडत. एकच गलका झाला. मी उड्या मारत होतो. साठी उलटलेला कापडवाला, सगळ्या गल्लीसमोर, कागदाच्या फुग्यासाठी उड्या मारत होता, आणि तेही सासुरवाडीच्या कागदाच्या! काय दिसत होता तो! आकाशात एक लाल-पिवळं फळ लोंबतंय आणि त्याला फांदीच नाही!

दोरीचं टोक कोणाच्या हातात होतं? त्या घाईत मुलांनी ते जवळच्या मोठ्या माणसाच्या हातात खुपसलं होतं. सचिवांच्या. ते मान वर करून, तोंड उघडं टाकून उभे होते. मांजाला ओढ बसली की त्यांचा हात जरा वर जायचा आणि ते हसायचे. खिशातली दोन्ही पेनं खाली पडली, ती त्यांनी उचललीही नाहीत.

बायको त्यांच्याजवळ गेली. किल्ली तिनं पदराच्या टोकाला बांधून आणली होती. ती गाठ सोडायला लागली.

"राहू द्या वहिनी," सचिव म्हणाले, वर बघतच. "कोचिंगवाल्यांना मी सांगतो. त्यांना हॉल देऊ संध्याकाळचा. ही खोली मुलांची." मग घसा साफ केला. "पुढच्या रविवारी काय वाचणार आहात?"

बायकोनं गाठ पुन्हा घट्ट बांधली.

सचिवांना एका लग्नाला इच्छापूरला जायचं होतं. ते मुलांकडे वळले. "आता ही दोरी कोणाला देऊ?"

मी केव्हाचा हात पुढे करून उभा होतो. दात पडलेल्या मुलीनं माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, अगदी चिमटीत धरून कापड पारखावं तसं. मग सचिवांना म्हणाली,

"हातात नका देऊ. आजोबांच्या कमरेलाच बांधून द्या ना. ते थोडीच उडणार आहेत!"